सोडणांखालचे डबे

बसा, बसा. माझ्यासाठी उभं राहू नका. मी उभी राहिले तरी या टेबलाच्या वर फारशी दिसणार नाही, म्हणून मीही बसूनच बोलते.

वाडीकरांनो, मिरजोळ्याहून माझ्या मंगेशच्या बर्फाच्या कारखान्यातून आलेल्या मंडळींनो, आणि मंडणगडाहून आलेल्या वैशालीच्या माहेरच्या माणसांनो. एवढे सगळे आलात. आपल्या या सभागृहात एवढी माणसं मी फक्त गणपतीतल्या नाचाला बघितली होती. नातवाच्या फोटोसमोर बसून आजीनं बोलायचं, हे उलटं काम आहे. त्यानं माझ्याबद्दल बोलायचं असं आमचं ठरलं होतं. 'आये, तू गेलीस की मी असं भाषण करीन की लोक हसून हसून रडतील,' असं म्हणायचा. त्याचे आईबाप आधीच गेले. घरातलं म्हणून बोलायला मीच उरले.

मला अक्षर येत नाही. काल मी बोलत गेले आणि एकानं लिहून घेतलं. लिहिणाऱ्यानं मधले दोनचार शब्द गाळले. म्हणाला, आजी, सभेत असं बोलत नाहीत. ते शब्द आता मी तोंडानं घालते. मला दात नाहीत, त्यामुळे शब्द तसेही निसटतात. आज त्यांना अडवायची इच्छाही नाही.

माझ्या पायाशी ही गोणी आहे. आत आणताना ती खणखणली, तेव्हा बरेचजण वळून बघत होते. काहीजणी नाही वळल्या. ज्यांना वळावंसं वाटलं नाही त्यांना आत काय आहे ते कळलं असेल. बाकीच्यांनी थोडं थांबा.

बाहेर फ्लेक्स लावलाय. भावपूर्ण श्रद्धांजली असं लिहिलंय म्हणे. त्यावर माझ्या मंगेशचा फोटो बशीएवढा, आणि श्रद्धांजली वाहणाऱ्यांचे फोटो ताटाएवढे. सगळे हात जोडून हसतायत. मेला कोण ते लवकर कळत नाही. मंगेशनं बघितला असता तर म्हणाला असता, 'आये, यातला मी कुठला ते बोट लावून दाखव.'

तर आतापर्यंत जे बोलले त्यांचं मी सगळं ऐकलं. आपल्या वाडीचे प्रमुख अण्णा बोलले. शाळेतून निवृत्त झालेले गुरुजी बोलले. मंगेश किती हसरा. मंगेश हाकेला कसा धावायचा. शिमग्याला पालखी खांद्यावर घेतली की कशी नाचवायचा. खरं आहे सगळं. पण प्रत्येकानं खाली बसताना एक एक वाक्य टाकलं. अण्णा म्हणाले, 'एवढा धडधाकट माणूस, गोळ्यांनी पोखरला.' गुरुजी म्हणाले, 'पथ्याचा अतिरेक झाला.' आणि बायकांच्या बाजूनं एकीनं हुंदका दिला आणि हुंदक्यातच म्हणाली, 'रक्ताचं पाणी केलं हो त्याच्या.'

कुणी केलं? नाव कुणी घेतलं नाही. घ्यावं लागलंच नाही. सगळ्यांच्या माना मागं वळल्या. तिथे, त्या खांबाला टेकून ती बसलेय. माझी नातसून, मंगेशची बायको, वैशाली.

मला शिसारी आली. हा गाळलेला पहिला शब्द.

अण्णा, तुम्ही परवा घरी आलात. माझ्या पडवीत बसून चहा घेतलात. वैशालीनंच केला होता तो. कप खाली ठेवलात आणि मला म्हणालात, 'आजी, लोक बोलतात. पोरीला काही दिवस मंडणगडला माहेरी पाठवा. वातावरण निवळलं की बघू.'

मी म्हटलं, 'ती गेली तर मला भाकरी कोण देणार?'

तुम्ही म्हणालात, 'वाडी आहे ना.'

वाडी आहे. ते तर मला चांगलंच कळलंय, अण्णा. म्हणूनच मी आज इथे आलेय. ही पोर आपल्या मुलीला घेऊन याच वाडीत मान वर करून राहणार, की नवऱ्याला मारल्याचा आळ डोक्यावर घेऊन माहेरी जाणार, एवढं एकच मला आज बघायचं आहे. मंगेश गेला. तो आता कुणाच्या भाषणानं येत नाही. ही आहे अजून.

आधी आजार काय होता ते ऐका. घरी भेटायला आलात तेव्हा सांगितलं होतं, पण तेव्हा तुम्हांला सांगायची घाई होती, ऐकायची नव्हती.

मंगेशच्या छातीत दुखायला लागलं, रत्नागिरीत दाखवलं, तिथून कोल्हापूरला पाठवलं. मी हट्टानं बरोबर गेले. हाताच्या नसेतून तार घालून हृदयाचा फोटो काढतात, तो काढला. डॉक्टर मंगेशपेक्षाही लहान होता वयानं. त्यानं आम्हांला बोलावलं आणि म्हणाला, 'आजी, हृदयाला रक्त नेणाऱ्या नसा असतात. लोकांच्या त्या अरुंद होतात. यांची एक नस एका जागी फुगलेय. रुंद झालेय.'

मी म्हटलं, 'मग बरं झालं की. आमच्याकडे हायवे रुंद केला. झाडं गेली, पण गाड्या सुटल्या.'

मंगेश खाटेवर पडल्या पडल्या हसला. वैशाली नाही हसली. तिनं विचारलं, 'डॉक्टर, रुंद झाली तर मग दुखतं कशानं?'

डॉक्टरनं कागदावर नळी काढली, नळीला मधे फुगा काढला. मला काही ती नळी कळली नाही. मला कळला तो आपला पऱ्या. तुम्ही सगळ्यांनी बघितलाय. पावसात वरच्या घळीतून पऱ्या कसा धावत येतो. आणि खाली जांभळीपाशी रुंद होतो तिथे काय होतं? पाणी धावायचं थांबतं. गोल गोल फिरत बसतं. पाचोळा, काटक्या, फेस, सगळं तिथेच जमतं. आणि एखाद्या दिवशी तो जमलेला गठ्ठा सुटतो आणि रस्त्याखालच्या मोरीत जाऊन बसतो. मोरी तुंबते. मी डॉक्टरला हे सांगितलं. तो म्हणाला, 'आजी, तेच. फुगलेल्या जागी रक्त रेंगाळतं. रेंगाळलं की त्याची गुठळी होते. गुठळी झाली की नस बंद.'

मग त्यानं विचारलं, लहानपणी याला खूप दिवस ताप आला होता का? डोळे लाल, जीभ लाल? आला होता. जीभ पिकलेल्या रातांब्यासारखी झाली होती, आणि बरा होताना बोटांच्या टोकांची सालं निघाली होती. आम्ही तेव्हा गोवर समजलो. डॉक्टर म्हणाला, असा एक ताप असतो लहान मुलांचा, त्यात या नसा फुगतात. तेव्हाचंही असेल, नसेलही, आता खात्रीनं सांगता येणार नाही.

उपाय विचारला. तर म्हणाला, काहींना आतून आवरण घातलेली जाळी बसवतात. काहींना ऑपरेशन करून दुसरी नस जोडून रक्ताला वळसा देतात. पण मंगेशचा फुगा जिथे होता आणि जेवढा होता, त्यावरून त्यानं ठरवलं की सध्या गोळ्यांवर ठेवायचं. रक्त गोठू नये म्हणून गोळी. तिला सगळे रक्त पातळ करायची गोळी म्हणतात. त्याबरोबर ठरावीक दिवसांनी रक्त तपासायचं. त्या तपासणीचा आकडा मधेच राहायला हवा. वर गेला तर कुठूनही रक्त वाहायची भीती. खाली आला तर गुठळी. आणि फुगा वाढतोय का ते बघत राहायचं, वाढला तर पुढचं करायचं.

निघताना वैशालीनं खाण्याचं विचारलं. तो म्हणाला, 'ताई, हिरव्या पाल्यात एक गुण असा असतो की तो या गोळीच्या विरुद्ध जातो. पालेभाजी बंद नका करू. पण जेवढी खाताय तेवढीच खायची. आज एक वाटी आणि उद्या टोपभर, असं चालणार नाही. कसले काढे आणि रस मला विचारल्याशिवाय द्यायचे नाहीत.'

एवढंच. यात उपाशी ठेवायचं कुठे आलं?

आम्ही घरी आलो. तुम्ही भेटायला आलात. आजाऱ्याला बघायला जायचं, ही आपली रीत आहे, चांगली आहे. पहिल्यांदा सगळ्यांनी एकच विचारलं, 'ब्लॉकेज नाही ना?' मंगेश म्हणायचा, 'ब्लॉकेज नाही, माझं उलट आहे. माझी नस ऐसपैस आहे.' झालं. ऐसपैस आहे तर काळजी कसली. एकजण तर म्हणाला, 'मग पेढे काढा.'

मग पुढे त्याच्या हातावर निळे डाग दिसायला लागले. त्या गोळीनं दिसतात, जरा कुठे आपटलं की. शिमग्याच्या ढोलासारखा हात झाला होता, ठिकठिकाणी ठोकलेला. कुणीतरी विचारलं, 'हे काय रे मंग्या?' तर हा म्हणतो, 'बायको लाटण्यानं मारते.' हसले सगळे. तोही हसला. मी त्याला म्हटलं, 'मेल्या, असली थट्टा करू नको. लोक हसतात आणि जाताना ती बरोबर घेऊन जातात.' म्हणाला, 'जाऊ दे गो आये, घेऊन गेले तर आपल्या घरातला केर कमी.'

त्या दिवसापासून वाडीत सुरू झालं. मंगेशचं रक्त पातळ केलंय. अंगात ताकद राहिली नाही. रक्त पातळ म्हणजे काय, तर पाणी. आता रक्त दाट व्हायला हवं. आणि रक्त दाट कशानं होतं, हे या वाडीत कुणाला माहीत नाही? टाकळा. शेवग्याचा पाला. अळू. भारंगी. सगळी वाडी एकदम वैद्य झाली. ज्या बाईकडे मी आजवर मीठसुद्धा मागायला जात नाही, तीही अळू घेऊन दारात.

आणि वैशालीनं दारात हात जोडले. म्हणाली, 'काकी, रागवू नका. डॉक्टरनी मोजून द्यायला सांगितलंय.' डबा घेतला नाही.

डबा घेतला नाही. बाप रे. या वाडीत एखाद्याचा बांध कोरला तर चालतो. पण आणलेला डबा परत? तिथेच ती वाईट ठरली. मंडणगडची ती. आमच्या पोराला भाजीला महाग केलं. पोराला सुकवला. हे मी पडवीत बसून ऐकत होते. माझे दात गेलेत, कान आहेत.

पुढे जे झालं त्याचं कारण मला तेव्हा ठाऊक नव्हतं. तिलाही ठाऊक नव्हतं. ते सांगते.

रक्ताच्या तपासणीचा आकडा खाली यायला लागला. म्हणजे रक्त पातळ व्हायचं सोडून घट्ट व्हायला लागलं. डॉक्टरनं गोळी वाढवली. पुढच्या वेळी आकडा तरी खालीच. आणखी वाढवली. मग त्यानं हिला फैलावर घेतलं. 'ताई, घरात काय बदललंय? तुम्ही सांगितलेलं पाळत नाही.' ही म्हणाली, 'काही नाही बदललं हो.' त्याला वाटलं, बाई खोटं बोलते. ती घरी आली आणि सगळे डबे उघडून बघत बसली. मसाल्यात कोथिंबीर जास्त पडते का, आमटीत शेवग्याचा पाला कुणी घातला का. मला विचारलं, 'आये, तू काही केलंस का?' मी म्हटलं, 'मला चुलीकडे तू फिरकू देतेस का? माझ्या हातून आता फक्त अंघोळीचं पाणी तापतं.' हे मी शहाणी होते म्हणून नव्हे. मला सोडली असती तर मीच आधी टाकळा केला असता.

आणि मंगेश? हा समोर बसून बघत होता. ती कोथिंबिरीची जुडी हातात घेऊन बसलेली, आणि हा बघत होता. बोलला नाही. आज फोटोतल्या माणसावर रागवू नये म्हणतात. मी रागावते. मंग्या, तुला तोंड होतं. थट्टेला उघडायचं, खरं सांगायचं तेव्हा उघडलं नाही.

मग तो दिवस आला. सकाळी डबा घेऊन कामावर गेला. दुपारच्या आधी फोन आला. बर्फाच्या लाद्या काढताना छातीला हात लावून खाली बसला. कारखान्याच्या गाडीतून रत्नागिरीच्या इस्पितळात नेला. पोचायच्या आत संपला होता. तिथल्या डॉक्टरनं मला आणि वैशालीला सांगितलं, फुगलेल्या जागी गुठळी झाली आणि नस बंद झाली, असंच दिसतंय. कोल्हापूरच्या डॉक्टरलाही फोनवर विचारलं. तोही तेच म्हणाला. ऐका नीट. रक्त घट्ट झालं म्हणून गेला. ज्याला तुम्ही पाणी म्हणता, ते पाणी झालं असतं तर कदाचित आज तो इथे मागं बसून माझी नक्कल करत असता.

कदाचित म्हणते. डॉक्टरही कदाचितच म्हणाले. या आजारात सगळं नीट केलं तरी माणूस जाऊ शकतो, असं ते म्हणाले. ते मी लपवत नाही.

त्याचे दिवस घालायचे होते. घरात पाहुणे. मी माझ्या सवयीनं मागच्या पडवीत गेले, पाणी तापवायला नारळाची सोडणं काढायला. वैशाली तिथे येत नाही, तिचं सगळं गॅसवर. ती सोडणं फक्त माझी. वरची काढली, खालची काढली, आणि आतून काहीतरी वाजलं. हात घातला. डबा. आणखी एक. आणखी एक. आणि एक बाटली, तळाला हिरवं सुकलेलं. गुरुजी, गव्हांकुरांचा रस तुम्हीच काढता ना? तुमच्याच कुंड्या आहेत त्या.

मी ते सगळे पडवीत ओळीनं मांडले.

डब्यांवर नावं घातलेली असतात, ठिपक्याठिपक्यांची. मला ती वाचता येत नाहीत. पण या वाडीतला डबा मला नाव वाचून ओळखावा लागत नाही. कुठल्याला पोचा पडलाय, कुणाच्या झाकणाची कडी गेलेय, कुणाच्या मुलीच्या लग्नात आहेर आलेला आहे, हे मला माहीत आहे. सगळ्या लग्नांना मी जेवलेय.

आणि डबे कसे होते? स्वच्छ. घासून, पुसून, कोरडे करून ठेवलेले. ते बघितलं आणि मला पावसातलं एक बोलणं आठवलं. मंगेश कामावरून आला होता, चिऱ्याच्या गडग्यावर बसून बूट काढत होता. मला विचारलं, 'आये, कुणाचा डबा रिकामा परत दिला तर काय होतं गो?'

मी म्हटलं, 'काय व्हायचंय? लोक म्हणतात, यांच्या घरात चिमूटभर साखरही नाही.'

'मग हापूस होईपर्यंत थांबायला हवं.'

'एका डब्यासाठी हापूस? कुठली रे ती एवढी?'

हसला. म्हणाला, 'आहे एक जुनी मैत्रीण.'

आता कळलं. त्याला रिकामे डबे परत देता येईनात. भरून द्यायचे तर घरातून काहीतरी मागायला हवं, आणि मागितलं तर वैशाली विचारणार, कुणाचा डबा? म्हणून त्यानं ते माझ्या सोडणांखाली ठेवले. आंब्याची वाट बघत. एका बायकोशी खोटं बोलायला घाबरला नाही, पण सगळ्या वाडीला रिकामा डबा द्यायला घाबरला. असा होता आपला हसतमुख मंगेश.

तरी मला वाटलं, आपण उगाच काहीतरी जोडतोय. एखादा डबा लाडवाचा असेल, एखादा भाकऱ्यांचा. पण त्याच संध्याकाळी कारखान्यातला त्याचा जोडीदार भेटायला आला. तो आज इथे आहे, त्याला काही म्हणू नका, त्याला काहीच ठाऊक नव्हतं. भाबडेपणानं मला म्हणाला, 'आजी, तुमची वाडी किती जीव लावायची हो मंगेशला. कितीतरी दुपारी त्याच्याकडे दोन डबे. एक घरचा आणि एक वाडीचा. वाडीचा हिरवागार. आम्ही हसायचो, म्हणायचो, मंग्या, तू गुरात चरायला जा. तर म्हणायचा, नको म्हटलं तर त्या बायकांना वाईट वाटतं रे, किती मायेनं देतात.'

रस्त्यात गाठून देत होतात तुम्ही. स्टॉपवर, वळणावर, पहाटे कामावर जाताना. 'हे घे, खा, रक्त होईल अंगात. बायकोला सांगू नको.' असंच ना? कुणाला काही बोलायचं असेल तर बोला. मी थांबते.

कुणी बोलत नाही. बरं.

आता मी जे सांगते ते नीट ऐका, नाहीतर घरी जाऊन उलटं सांगाल. तुम्ही त्याला मारलंत असं मी म्हणत नाही. टाकळ्यानं माणूस मेला असं मी म्हणत नाही. तुम्ही जे दिलंत ते मायेनं दिलंत. त्या मायेचा मला राग नाही, थोडा आला होता, तो मी गिळला.

मला किळस येते ती तुमच्या त्यानंतरच्या वागण्याची.

या वाडीत चमचा हरवला तर बाई दिवेलागणीच्या आत दारोदार फिरते. 'आमचा चमचा आलाय का हो तुमच्यात?' माझ्या मुलाच्या तेराव्याला आलेलं तुमचं पातेलं, मी ते परत करेपर्यंत तुम्ही मला दोनदा आठवण केली होतीत, मी रडत होते तेव्हा. मग आता काय झालं? मंगेश जाऊन एवढे दिवस झाले. एक बाई माझ्या दारात डबा मागायला आली नाही. एक नाही. भेटायला आल्या, रडल्या, चहा घेतला, माझ्या पाठीवरून हात फिरवला. डब्याचं नाव नाही. चांगले स्टीलचे डबे, आहेराचे डबे, आणि कुणाला आठवण नाही?

आठवण होती. सगळ्यांना होती. कारण कोल्हापूरचा डॉक्टर काय म्हणाला होता ते वैशालीनं दारात उभं राहून तुम्हांला आधीच सांगितलं होतं. मंगेश गेला तेव्हा तुमच्या पोटात धस्स झालं. आणि त्या धस्सपणाचं तुम्ही काय केलंत? तो घेऊन माझ्याकडे आला असतात, म्हणाला असतात, 'आये, आमच्याकडून काही चुकलं का हो?' तर मी म्हटलं असतं, 'चुकलं गो बाय, पण तुला काय ठाऊक.' आणि आपण दोघी रडलो असतो. तसं नाही केलंत. तुम्ही तो उचललात आणि त्या खांबाशी बसलेल्या पोरीच्या डोक्यावर ठेवलात. पाणी केलं म्हणे रक्ताचं. हुंदका देऊन म्हणालात. आपला डबा मंगेशकडून परत आलेला नाही हे माहीत असताना म्हणालात.

थू. हा दुसरा गाळलेला शब्द.

मी डबे मिळाल्यावर वैशालीला दाखवले. मला वाटलं, ती आता ओरडेल. मला हवं होतं की तिनं ओरडावं. तिनं एकेक डबा हातात घेतला, नाव वाचलं, खाली ठेवला. शेवटचा ठेवला आणि म्हणाली, 'म्हणजे माझं मोजणं बरोबर होतं, आये.' एवढंच. कोथिंबिरीच्या जुडीपासून ती स्वतःला खात होती. मग म्हणाली, 'हे कुणाला दाखवू नको. त्यांना वाईट वाटेल.'

तिला असं वाटतं. वाडीला वाईट वाटेल म्हणून मंगेश गप्प राहिला, आणि आता तीही गप्प राहायला निघालेय. मी तिचं ऐकणार नाही. घरात गप्प राहणारं एक माणूस गेलंय, ते पुरे.

अण्णा, ही मंडणगडला जाणार नाही. तिच्या माहेरच्यांनो, तुम्ही तिला न्यायला गाडी घेऊन आलायत हे मला कळलंय. तुमचं काही चुकलं नाही, तुम्हांला जे सांगितलं गेलं त्यावर तुम्ही आलात. आता तुम्हीही ऐकलंत. ती जाईल तर दिवाळीला जाईल, भाऊबिजेला जाईल, आणि परत येईल.

आता हे डबे मी या टेबलावर मांडते. कुणीतरी गोणीचं तोंड सोडा. हळू. असे. ही बाटली इकडे, गुरुजींच्या बाजूला.

नाव मी एकाचंही घेणार नाही. डबा रिकामा परत देऊ नये, हे मला तुमच्याइतकंच ठाऊक आहे. हे सगळे रिकामे आहेत. मी मुद्दाम रिकामे आणलेत. मंगेशला जे जमलं नाही ते मी करते, माझं वय झालंय, मला कुणाची भीती उरलेली नाही.

अशा सभेत शेवटी सगळ्यांनी उभं राहायचं आणि दोन मिनिटं गप्प राहायचं असतं. फोटोकडे बघत. तसं आज नको. त्या फोटोला तुमची गरज नाही. आज असं करायचं. ज्याचा डबा असेल त्यानं उठायचं, इथे यायचं, आपला डबा उचलायचा, आणि बाहेर जाताना त्या खांबावरून जायचं. तिथे ती बसलेय. तिला काही सांगायचं नाही. माफी मागायची नाही, रडायचं नाही, उपदेश तर मुळीच नाही. फक्त हातात आपला डबा धरून तिच्यासमोर क्षणभर उभं राहायचं, तिच्या डोळ्यांत बघायचं, आणि घरी जायचं.

हे टेबल मोकळं होईपर्यंत कुणी बोलायचं नाही. मीही नाही. शेवटचा डबा उचलला गेला की माझ्या मंगेशची शोकसभा संपली.

घाई नाही. मी बसलेय.